फुटरमधले मामा

मी कुठलीही वेबसाइट खालून वर वाचते. वरचे फोटो, मोठ्या अक्षरातलं स्वागत, सरकणारी चित्रं हे सगळं नंतर. आधी अंगठ्यानं सरासर खाली जायचं आणि तळाचा पट्टा बघायचा. त्याला आमच्या धंद्यात फुटर म्हणतात. मालकाला कशाची हाव आहे, कशाची धास्ती आहे आणि साइट बनवणारा किती आळशी होता, हे तिथं चटकन कळतं. नवीन पनवेलच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी बरीच वर्षं लोकांच्या वेबसाइटी बनवते, आणि दुसऱ्यांनी बिघडवलेल्या दुरुस्त करते. त्यातली निम्मी दुरुस्ती तळाशीच असते.

फुटर म्हणजे वेबसाइटचा माळा, फक्त तो खाली असतो. जे कुठं ठेवायचं कळत नाही ते तिथं कोंबायचं. एका प्लंबरच्या साइटवर मी तळाला वाचलं आहे: प्लंबर पनवेल, प्लंबर नवीन पनवेल, प्लंबर कळंबोली, प्लंबर रोडपाली, आणि असंच पुढे पार डोंगरापर्यंत. त्या बिचाऱ्याचा फोन नंबर मात्र कुठंच नव्हता. गावातल्या मसाल्याच्या दुकानाचे चाचा एकदा मला म्हणाले होते, "बेटा, खाली मस्कत, दोहा, दुबई पण टाक. आपली माणसं आहेत तिकडं. इन्शाल्ला कुणीतरी बघेल." त्यांचा मसाला तेव्हा खाडीही ओलांडत नव्हता. मी त्यांना पटवलं की ज्या गावात माल पोचत नाही त्या गावाचं नाव लिहून काही उगवत नाही, उलट सर्च इंजिनला वाटतं हा माणूस थापा मारतो. चाचा हसले आणि म्हणाले, निदान मस्कत तरी राहू दे. मी तेही राहू दिलं नाही. या बाबतीत मी जरा खडूसच आहे.

खालून वाचायची सवय मला कामानं लागली, पण आमच्या भागात ती जुनीच आहे. इथल्या आगरी घरातली लग्नपत्रिका हातात पडली की कुणी मुहूर्त बघत नाही. आधी तळाला जातात. तिथं बारीक अक्षरात काका, मामा, आत्या, मावश्या, भाऊबंद आणि सगळ्यात शेवटी चिल्लीपिल्ली, असा अख्खा गोतावळा छापलेला असतो. आपलं नाव आहे ना, जागच्या जागी आहे ना, धाकट्याचं आपल्या वर तर चढलं नाही ना, एवढं बघून झालं की मग नवरा-नवरी कोण ते बघायचं. या सवयीचा माझ्या कामाशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. तो आला नेऱ्याच्या मावशींमुळे.

या मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. नेऱ्याच्या बाजूला डोंगराखाली त्यांची आंब्यांची लहानशी वाडी आहे, आणि वाडीत शनिवार-रविवारी शहरातल्या लोकांना राहायला द्यायच्या काही खोल्या. स्वयंपाक मावशींचा, बुकिंगचे फोन काकांकडे, आणि रोडपालीला राहणारा त्यांचा मुलगा सुट्टीला येऊन नळ, पंखे बघून जातो. माझी एक मैत्रीण तिथं राहून आली आणि तिनं त्यांना माझा नंबर दिला. मावशींनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "बाय, आमची वेबसाइट हाय, पन ती मोबाईलमधी गावत नाय. कुठं गेली बघ जरा."

शेळी दाव्याला दिसत नाही म्हणावं, तसा सूर होता.

मी घरी बसून शोधली. नेऱ्याजवळ राहायची जागा, पनवेलजवळ आमराई, घरगुती आगरी जेवण, जे जे एखादा माणूस टाइप करील ते सगळं टाकून बघितलं. मावशींची साइट कुठल्या कुठं खाली होती. शेवटी वाडीचं पूर्ण नाव टाकलं तेव्हा सापडली. उघडली तर फोटो सुंदर, खोल्या स्वच्छ, अंगणात मोठा आंबा. मग माझ्या सवयीनं मी खाली गेले, आणि जातच राहिले.

तळाला नातेवाइकांचा मेळावा भरला होता. मंडप डेकोरेटर, डीजे, केटरर, जेसीबी आणि डंपर, पाण्याचे टँकर, ब्यूटी पार्लर, जमिनीचे एजंट, एक वकील, एक कलमांची नर्सरी. प्रत्येकाच्या नावावर लिंक, आणि नावापुढे नंबर वन, पनवेल, उरण, नवी मुंबई अशी शेपटी. त्यातल्या काही लिंका दाबून बघितल्या, तर तिकडच्या साइटींच्या तळालाही हाच मेळावा, आणि त्यात आमची वाडी. ज्यानं मावशींची साइट बनवली त्यानंच साऱ्या गोताच्या बनवल्या होत्या आणि सगळ्यांना एकच तळ चिकटवून दिला होता. सगळे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभे होते, आणि त्या गर्दीत कुणीच कुणाला दिसत नव्हतं.

मी नेऱ्याला गेले तेव्हा मावशी मागच्या पडवीत तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. ठेंगण्या, नेटक्या, हातभर हिरव्या बांगड्या. मला त्यांनी पाटावर बसवलं, न विचारता ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, "खाता खाता बोल. तुजा काय ते कॉम्प्युटरचा मना समजल तसा सांग."

मी सांगायला लागले. लिंक म्हणजे शिफारस, मावशी. तुम्ही येणाऱ्याला बोट दाखवून म्हणता की तो चांगला आहे, त्याच्याकडे जा. एकाची शिफारस केलीत तर माणूस ऐकतो. पण येईल त्याला तुम्ही अख्ख्या गोताची एकदम करायला लागलात, आणि तो गोत परत तुमची करायला लागला, तर ऐकणारा म्हणतो, यांचं आपसात ठरलेलं दिसतंय. सर्च इंजिन तेच म्हणतं. वर प्रत्येकाच्या नावापुढे नंबर वन आणि पनवेल. त्याला वाटतं, हे राहायची जागा दाखवायला बसलेत की मला फसवायला? आणि मला सांगा, आंब्याखाली दोन दिवस आराम करायला येणाऱ्या माणसाला डंपर कशाला लागतो?

"गारी रुतली तर जेसीबी लागतो," मावशी म्हणाल्या.

बाहेर ओट्यावर बसलेले काका हसले. मी हसले नाही, कारण मला वाद जिंकायचा होता.

खाली काय ठेवायचं तेही मी सांगितलं. खोल्या, जेवण, यायचा रस्ता, घराचे नियम, फोन नंबर. वाचून वाचून तळाला आलेल्या माणसाला जे विचारावंसं वाटेल तेवढंच. बाकी सगळं काढून टाकू. मावशींनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "ते खालचा तू सगल्या पानांवर येगला येगला लिवतेस?"

"नाही. एकदाच लिहायचं. मग ते आपोआप प्रत्येक पानाच्या तळाला येतं."

"आन् काढला तर?"

"एकदा काढलं की सगळ्या पानांवरून जातं."

"म्हंजे एकदा चुकला की सगलीकडं चुकला."

"हो."

"मंग काढाचा नाय," मावशी म्हणाल्या, आणि भाकरी उलटवली.

मी ताटावरून वर बघितलं. एवढा वेळ मान डोलावणारी बाई एकदम भिंतीसारखी झाली होती. कुणाचंच नाव काढायचं नाही, तिकडं साइट सापडो न सापडो. मी पुन्हा डंपरवर आले, पुन्हा शिफारशीवर आले, पण त्या ऐकेनात. शेवटी ओट्यावरून काकाच म्हणाले, "तिला पत्रिकेचा सांग ना. त्याबिगर तिला कलायचा नाय."

मग मावशींनी सांगितलं, तवा उतरवून, हात धुऊन, समोर बसून.

त्यांच्या मुलाच्या लग्नात पत्रिकेचा मजकूर छापखान्यातून मोबाईलवर आला होता. घरात सगळी माणसं जमलेली. मोबाईल हातोहात फिरला. प्रत्येकानं बोटांनी फोटो मोठा केला, तळाशी गेला, आपलं नाव बघितलं आणि मोबाईल पुढच्याला दिला. काकांच्या भावांनी बघितलं, आत्यांनी बघितलं, जावांनी पोरांची नावं बघितली. सगळे म्हणाले, बरोबर आहे. छापून आल्या, देवापुढे ठेवल्या, निम्म्याहून जास्त वाटून झाल्या, तेव्हा मावशींच्या लक्षात आलं की मामाची ओळच नाही. नवऱ्या मुलाच्या मामाची. मावशींच्या सख्ख्या, एकुलत्या एका भावाची. तो त्या दिवशी तिथं नव्हता, म्हणून त्याचं नाव कुणीच बघितलं नव्हतं.

"सगल्यांनी आपापला बघितला," मावशी म्हणाल्या. "मी पन माजा बघितला."

पुन्हा छापायला वेळ नव्हता. मग मावशींनी एक पत्रिका घेतली आणि होणाऱ्या सूनबाईंच्या घरातून आलेल्या चांगल्या पेनानं, जमेल तेवढ्या सुबक अक्षरात, मामाची ओळ त्या एका पत्रिकेवर लिहिली. ती घेऊन स्वतः उरणच्या बाजूला माहेरी गेल्या. भावानं पत्रिका हातात घेतली, सगळे बघतात तशी तळाला बघितली, आणि म्हणाला, "ताय, सगल्यांचा छापला आन् माजा पेनान?" मग त्यानं शेजाऱ्याकडे आलेली पत्रिका मागवून घेतली. तिच्यात पेनानंही नव्हतं.

लग्नाला तो आला. मामानं करायचं ते सगळं केलं, अक्षता टाकल्या, आणि पंगत बसायच्या आत निघून गेला. त्यानंतर नेऱ्याला आला नव्हता. भांडण नाही, शिवीगाळ नाही. फोन केला तर उचलतो, बरा हायस ना विचारतो आणि ठेवतो.

मावशी बोलता बोलता उठल्या आणि मला अंगणात घेऊन गेल्या. फोटोत दिसला होता तो मोठा आंबा त्याच्या हातचा. तोच कशाला, वाडीतली सगळी कलमं त्याच्या हातची. माहेरची मिठागरं गेल्यावर त्यानं रस्त्याकडेला नर्सरी टाकली. तिकडची जमीन खारी, म्हणून पिशव्यांत भरायला माती लागायची ती नेऱ्याची. दर वर्षी पाऊस सरला की हा टेम्पो घेऊन यायचा, मेव्हण्याबरोबर पोती भरायचा, जेवायचा आणि जाताना दोन-चार कलमं ठेवून जायचा. बहिणीची माती जायची आणि भावाची झाडं यायची. आता तो माती दुसरीकडून विकत घेतो.

"भाऊबीजेला काय करता?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, नसतं विचारलं तर बरं.

"जिला भावूस नाय ती चंद्राला ओवालते. मना हाय. मी कशाला चंद्राला ओवालू?" मावशी आंब्याच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या. "मी पाट घेऊन येते इकडं आन् ह्याला ओवालते."

मला त्यांची फार माया आली. आणि थोडा रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही, बहुतेक त्या मोबाईलवर फिरलेल्या फोटोचा.

फुटरमधली नर्सरी त्याची होती, हे आता मला कळलं. आणि फुटर एवढा लांब का, तेही कळलं. मावशींना भावाचं नाव खाली हवं होतं, जिथं पत्रिकेत सुटलं होतं तिथंच. पण एकट्याचं टाकायचा धीर नव्हता. "येकट्याचा टाकला तर तो बोलंल, आता ताय पाया पराला आली. मना पन मान हाय." म्हणून त्यांनी साइट बनवणाऱ्याला सांगितलं होतं की सगळ्यांची टाक, एकही सुटता कामा नये. भावाला त्यांनी गोतावळ्यात उभा करून ठेवला होता, म्हणजे त्यानं बघितलं तर बरं, आणि नाही बघितलं तर कुणाला काही कळायचं नाही.

"मग बघितलं त्यानं?" मी विचारलं.

मावशींनी नाही म्हणून मान हलवली. त्याला कोण सांगणार? तिथं एवढी नावं होती की वाचणाऱ्याला नर्सरी डंपरच्या पुढे आहे की मागे तेही आठवलं नसतं. मी त्यांना माझ्या धंद्यातलं जेवढं खरं आहे तेवढं सांगितलं. गर्दीतली लिंक सर्च इंजिनही मोजत नाही आणि माणूसही नाही. ज्याला खरंच काही सांगायचं असेल त्यानं थोडं सांगावं. बाकीच्या नातेवाइकांसाठी एक वेगळं पान करू, आमचे नातलग म्हणून. तिथं प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं लिहू, कोण काय करतो, आपण त्याच्याकडून काय घेतो. नंबर वनची शेपटी नाही. तळाला त्या पानाची एकच लिंक. कुणी सुटणार नाही. आणि नर्सरीचं म्हणाल तर, राहायला येणारे लोक कलमं कुठली म्हणून विचारतात ना?

"सगले इचारतात."

"मग ती लिंक तळाला ठेवायला माझी काही हरकत नाही. ती कामाची आहे. पण एकटीच ठेवायची."

निघताना मावशींनी मला भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. मी गाडीत बसले तेव्हा काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "ती कबूल करंल. तिला जरा येल दे."

मावशींनी वेळ घेतला. मी दरम्यान साइटचं बाकीचं काम करत होते. जेवणाच्या पानावर नुसतं व्हेज-नॉनव्हेज होतं, तिथं भाकरी, सुकट, वालाची भाजी नीट लिहिली. नेऱ्याला यायचा रस्ता लिहिला, कारण नकाशा लोकांना भलत्याच फाट्यावर नेतो. आंब्यांच्या पानावर कलमं कुठून आली त्याची गोष्ट लिहिली, मावशींच्या शब्दांत, माती जायची आणि झाडं यायची तेवढीच. एका सकाळी दूधवाल्याशी बोलत होते तेवढ्यात फोन वाजला.

"बाय, सगल्यांची काढ. तेचा ठेव."

"नक्की?"

"येकदा बोलले ना."

मग शब्दांवर बसलो. लिंकवर काय लिहायचं? मी म्हटलं, त्यांचं नाव आणि पुढे आंब्याच्या कलमांची नर्सरी, उरण रोड. वाचणाऱ्याला कळतं, सर्च इंजिनलाही कळतं. मावशी म्हणाल्या, नावाच्या आधी मामा लिहायचं. आमच्या मुलांचे मामा. मी कपाळाला हात लावला. मी त्यांना समजावलं की लोक आंब्याची कलमं शोधतात, मामा शोधत नाहीत, आणि तळाच्या एका ओळीत प्रत्येक शब्द जपून वापरायचा असतो. मावशी पुन्हा म्हणाल्या, मामा. मला एकदम ती सुटलेली ओळ आठवली. त्या ओळीतला पहिला शब्द तोच असणार होता.

मी लिहिलं: आमच्या मुलांचे मामा, मग त्यांचं नाव, मग आंब्याच्या कलमांची नर्सरी. माझ्या आजवरच्या कामातली ही सगळ्यात वाईट लिंक असेल, आणि ती मी अजून बदललेली नाही.

नवा तळ लागला त्या आठवड्यात मावशींचा फोन गरम झाला. या भागात बातमी वेबसाइटपेक्षा फार लवकर पोचते. मंडपवाले दीर म्हणाले, आमचं नाव खालून काढलं, काय चुकलं आमचं? मावशींनी सांगितलं की वेगळं पान केलंय, त्यात तुमचा मंडपाचा फोटो पण टाकलाय. ते म्हणाले, पान कोण उघडून बघतो, माणूस खाली बघतो. ते खरंच होतं, मीही खालीच बघते. पार्लरवाली पुतणी रुसली. जेसीबीवाल्यांनी स्वतःच्या साइटवरून वाडीचं नाव काढायला लावलं, आणि ते आमच्या पथ्यावरच पडलं. एका आत्याबाईंना तर वेबसाइट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, पण त्याही रुसल्या. आयुष्यभर कुणाचं मन मोडू नये म्हणून जपणाऱ्या मावशी या वेळी मात्र ढिम्म राहिल्या. प्रत्येकाला एकच सांगायच्या, "पान केलाय. तिकडं बघा."

आणि प्रत्येक जण शेवटी एकच विचारायचा: मग त्याचं एकट्याचं कसं ठेवलं?

यावर मावशी पुन्हा पानाचंच सांगायच्या. पण विचारणारे गप्प बसणारे नव्हते. मंडपवाल्यांनी उरणला फोन करून मामांना सुनावलं म्हणे, की तुझ्या बहिणीनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि तुला तेवढा ठेवला. मावशींना हे कुणीतरी येऊन सांगितलं. सांगणाऱ्याला वाटलं त्यांना वाईट वाटेल. मावशींनी त्याला चहा दिला, वर लाडू दिला.

साइट हळूहळू वर यायला लागली. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. फुटर साफ केल्यानं एवढंच होतं की पायातला काटा निघतो, चालायचं आपल्यालाच असतं. पण जेवणाचं पान वाचून लोक फोन करायला लागले, रस्ता न चुकता यायला लागले. काका खूश होते. मावशींना त्यात फारसा रस नव्हता. त्या मला फोन करून एकच गोष्ट विचारायच्या, "त्या खालच्यावर कोन दाबला का?"

दाबलं होतं. कलमांची चौकशी करणारे दाबत होते, ते मला आकड्यांत दिसायचं. पण कोण ते दिसत नाही, आणि ते दिसू नये हेच बरं आहे. एवढं मात्र कळायचं की उरणच्या बाजूनं कुणीतरी साइटवर येतं. येतं आणि एकूण एक पान उघडतं. खोल्या, जेवण, रस्ता, घराचे नियमसुद्धा. राहायला येणारा माणूस नियम कधीच वाचत नाही. मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उरनला मोप लोक हायत," आणि विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. तो काल आला होता का परत, ते बघून सांग.

भाऊबीज आली आणि गेली. मामा आले नाहीत. मी त्या दिवशी मुद्दाम फोन केला नाही. काकांनी नंतर सांगितलं की मावशींनी नेहमीसारखा पाट नेला, आंब्याला ओवाळलं आणि परत येऊन पाट पडवीच्या भिंतीला उभा करून ठेवला. माळ्यावर टाकला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी फोटो काढायला नेऱ्याला गेले होते. गवत वाळायला लागलं होतं, ऊन कोवळं होतं. मी भाकरीचा फोटो काढत होते आणि मावशी मला ओरडत होत्या की भाकरी थंड झाली, अशी कोण खाणार. एवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. त्यातून एक उंच, किडकिडीत माणूस उतरला. पांढरा शर्ट, कानावर पिकलेले केस, आणि काखेत रिकाम्या पोत्यांची गुंडाळी. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण मावशींचा हात जसा हवेत थांबला त्यावरून मला कळलं.

ते मावशींकडे आले नाहीत. ओट्यावर बसलेल्या काकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "भावजी, माती हाय काय अजून?"

"माती कुठं जाते?" काका म्हणाले. "तितंच हाय."

मग ते ओट्यावर टेकले. मावशींनी पाणी आणून ठेवलं. त्यांनी ते प्यायलं. मला वाटलं आपण उठून जावं, पण उठले असते तर ते जास्तच दिसलं असतं, म्हणून मी कॅमेरा पुसत बसले. मामांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला, अंगठा फिरवत फिरवत तळ गाठला आणि मोबाईल मावशींच्या पुढे धरला.

"ताय, ह्ये तू लिवलास?"

"लिवून घेतला. हिच्याकडून."

"सगली पानं बघितली मी. सगल्या पानांवर खाली माजा नाव हाय. येवढ्या पानांवर लिवलास?"

मी तोंड उघडलं. ते एकदाच लिहायचं असतं मामा, आपोआप येतं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी पुन्हा कॅमेरा पुसायला लागले.

"मंग?" मावशी म्हणाल्या. "मुलांचा मामा नाय काय तू?"

त्यांनी मोबाईल परत घेतला. तो खिशात ठेवला नाही, हातातच धरून ठेवला. मग बहिणीकडे न बघता, टेम्पोकडे बघत, कुणालातरी हिशेब द्यावा तसे ते सावकाश बोलले.

"मना वाटला, माज्याच मोबाईलमधी दिसत आसंल. म्हनून शेजाऱ्यांचे मोबाईल घेतले. नर्सरीवर गिऱ्हाइक येतात, तेंचे पन घेतले, बघू द्या बोललो जरा."

"मंग?"

"सगल्यांच्यात हाय."

मावशी उठल्या, पडवीत गेल्या आणि भिंतीला उभा करून ठेवलेला पाट घेऊन आल्या.